बेळगावात बसून कॅनडा-ऑस्ट्रेलियाचे पॉइंट कसे मोजायचे: आधी कागद, मग आयल्ट्स, एजंट शेवटी

परवा उद्यमबागेतल्या कारखान्यातला एक ओळखीचा पोरगा घरी आला, सीएनसी मशीनवर सहा वर्षं काम केलेला, हाताला एकदम चांगला, आणि विचारतोय काय तर "ताई, माझे कॅनडाला किती पॉइंट होतात?" मी म्हटलं तुझे किती ते सोड, तुझ्या कागदांचे किती होतात ते बघू, आण फाईल. फाईलीत निघालं काय, एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि मालकाने दिलेली चार ओळींची चिठ्ठी, त्यात लिहिलंय की हा मुलगा वागायला चांगला आहे. आता वागणुकीला तिकडे पॉइंट नाहीत हे त्याला कसं सांगायचं.

तर हे सगळं त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या आणखी पाच-सहा जणांसाठी लिहून ठेवतेय, कारण फोनवर तेच तेच सांगून मी दमले. माझी स्वतःची प्रोफाईल एक्सप्रेस एन्ट्रीच्या, म्हणजे कॅनडाच्या ऑनलाईन अर्जांच्या, पूलमध्ये पडून आहे, बारका भाऊ ऑस्ट्रेलियाला पोचला, म्हणजे दोन्हीकडचे धक्के घरातच खाल्लेत. वकील-बिकील मी नाही. आणि नियम सारखे बदलतात, म्हणून पैसे भरायच्या आधी त्या त्या सरकारच्या वेबसाईटवर एकदा बघाच.

पहिल्यांदा देश कुठला ते ठरवा, त्यात फार वेळ घालवू नका. "पॉइंट सिस्टिम" हे नाव सगळेच वापरतात पण अर्थ वेगवेगळा. इंग्लंडला ७० पॉइंट लागतात असं म्हणतात खरं, पण तिथे लायसन्सवाल्या कंपनीची नोकरी हातात नसेल तर मोजायला बसण्यातच अर्थ नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया, हे दोन देश नोकरी नसताना सुद्धा नुसत्या वय-शिक्षण-भाषा-अनुभवावर पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, देतात. जर्मनीचं तिसरंच, ते शेवटी सांगते.

आता कॅनडा. इथे दोन वेगवेगळे हिशोब आहेत आणि निम्मे लोक इथेच गोंधळतात. पहिला हिशोब १०० पैकी ६७ चा, हा नुसता दरवाजा. दुसरा सीआरएस, १२०० पैकी, ही आत गेल्यावरची रांग. ६७ मिळाले म्हणजे पीआर मिळाला असं कुणी ऑफिसात बसून सांगत असेल तर चहा पिऊन उठा तिथून.

६७ चा हिशोब कागद-पेन घेऊन करा. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, तिथल्या नोकरीला १० आणि तिकडे रुळायची शक्यता म्हणून १०. समजा आपला कोणी बीई झालेला पोरगा, वय २८, तीन वर्षं अनुभव, तिकडे कोणी नाही. शिक्षणाचे २१, वयाचे १२, अनुभवाचे ११, झाले ४४. आता इंग्लिश. आयल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेत, जनरल प्रकारात, चारही भागांत ६ बँड आले तर कॅनडाच्या भाषेच्या मापात त्याला सीएलबी ७ म्हणतात, भागाला ४ पॉइंट, म्हणजे १६, एकूण ६०. नापास! सीएलबी ८ आलं तर २०, एकूण ६४, तरी नापास. सीएलबी ९ आलं की २४ आणि एकूण ६८, तेव्हा कुठे दार उघडतं. म्हणजे जाहिरातीत "सहा बँड चालतात" लिहितात ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे, सहा बँड ही पात्रतेची किमान अट आहे, त्यावर बेरीज बसेलच असं नाही.

तिकडे सख्खं नातं असेल तर ५ पॉइंट मिळतात, पण नात्याची व्याख्या त्यांची, आपली नव्हे. भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, पुतण्या, भाची हे चालतात, आणि ते तिथे राहणारे पीआर किंवा सिटीझन पाहिजेत. चुलतभाऊ चालत नाही. आपल्याकडे चुलत आणि सख्खा असा फरक करणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, पण कॅनडावाले करतात. बायकोची किंवा नवऱ्याची इंग्लिश परीक्षा थोडीफार झालेली असली, सीएलबी ४ एवढी, तरी ५ मिळतात, हे लई लोक सोडून देतात.

आता रांग, म्हणजे सीआरएस. हे जानेवारी २०१५ पासून चालू आहे. वय २० ते २९ असलं आणि एकटे असाल तर वयाचे पूर्ण ११०, पुढे चाळिशीपर्यंत दरवर्षी पाच-सहा कमी होत जातात, नंतर आणखी भरभर, ४५ ला शून्य. म्हणजे पूलमध्ये बसल्या बसल्या वाढदिवस झाला की पॉइंट गेले, केक कापताना मला तरी तेच आठवलं. वरचाच पोरगा घ्या, २८ चा, एकटा, बीई, तीन वर्षं अनुभव, सीएलबी ९: वयाचे ११०, शिक्षणाचे १२०, भाषेचे १२४, आणि भाषा चांगली असल्यामुळे शिक्षणाला वरून २५ आणि अनुभवाला वरून ५०. बेरीज ४२९.

आणि इथे आयल्ट्सच्या अर्ध्या बँडची गंमत बघा. सीएलबी ९ साठी लिसनिंग ८, बाकी तिन्ही ७ पाहिजेत. समजा रायटिंगमध्ये ७ च्या ऐवजी साडेसहा आले. एका भागाचेच पॉइंट कमी होतील असं वाटतं की नाही? तसं नाही. भाषेचे ८ गेले ते गेलेच, पण वरून मिळणारे २५ आणि ५० सुद्धा अर्ध्यावर येतात, १३ आणि २५, कारण त्यांना चारही भागांत सीएलबी ९ पाहिजे. ४२९ चे झाले ३८४. अर्ध्या बँडला ४५ पॉइंट! एवढे पॉइंट दोन-तीन वर्षं जास्त नोकरी करून सुद्धा मिळत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, फी परत भरायला लागली तरी चालेल, अठरा हजारांच्या आसपास जातात, कळ सोसा, पण रायटिंग सातवर आणा. मला पहिल्या खेपेला साडेसहाच आले होते. मराठी मीडियमवाल्यांची एक खोड असते, आपण मनात मराठी वाक्य रचतो आणि मग इंग्लिशमध्ये उतरवतो, वाक्य लांबतं, कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या. मी रोज एक पत्र आणि एक निबंध घड्याळ लावून लिहिला, दोन महिने, कुकरच्या शिट्ट्या मोजत, दुसऱ्या खेपेला साडेसात. आणि फॉर्म भरताना जनरल भरा, अकॅडेमिक नको, अकॅडेमिकचा रिझल्ट या कामाला चालत नाही. रिझल्ट दोनच वर्षं धरतात हे पण लक्षात ठेवा.

आता खरं कडू सांगते. ४२९ म्हणजे काही फार नाही. ड्रॉ म्हणजे पूलमधल्या वरच्या पॉइंटवाल्यांना बोलावणं धाडतात तो, आणि गेल्या दोन वर्षांत साध्या ड्रॉचे कट-ऑफ पाचशेच्या वरच राहिलेत. मग बाहेरच्या माणसाला वाट काय? एक म्हणजे एखाद्या प्रांताने नॉमिनेशन दिलं तर थेट ६०० पॉइंट, पण बरेच प्रांत आता आधीपासून तिथे राहणाऱ्यांनाच पहिलं बघतात. दुसरं, २०२३ पासून पेशाप्रमाणे वेगळे ड्रॉ काढतात, नर्सिंग-हेल्थकेअरवाल्यांना त्यात चांगली संधी असते, केएलईच्या नर्सिंगच्या पोरींनी हे जरूर बघावं. तिसरं फ्रेंच. फ्रेंच येणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ असतात आणि ते चारशेच्या आसपास सुद्धा आलेत, वरून फ्रेंच सीएलबी ७ च्या तोडीचं असलं तर ५० जादा पॉइंट. मी सध्या तेच शिकतेय, ऑनलाईन. सासूबाई विचारतात आता ही कुठली भाषा आणि, घरात तीन आहेत त्या पुरेनात काय.

भाषेवरून आठवलं, आपल्या भागात कागद कन्नडमध्ये मिळतो की मराठीत यावरून किती वर्षं भांडणं चाललीत, मोर्चे निघतात. कॅनडाला दोन्ही चालत नाहीत. इंग्लिश किंवा फ्रेंच, बास. जुना जन्मदाखला नुसता कन्नडमध्ये असेल, लग्नाचा दाखला मराठीत असेल, तर ट्रान्सलेशन करून घ्या, आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, तुमची बहीण इंग्लिशची टीचर असली तरी नाही.

अनुभवाचं पत्र हा सगळ्यात मोठा विषय आहे, इथे वेळ द्या.

कॅनडात एनओसी म्हणजे आपल्याकडची ना-हरकत नव्हे. तो कामांचा कोड आहे, पाच आकडी, आणि त्यातला दुसरा आकडा बघायचा. दुसरा आकडा ०, १, २ किंवा ३ असेल तर ते स्किल्ड काम, ४ किंवा ५ असेल तर या योजनेत शून्य. मेकॅनिकल इंजिनिअर २१३०१, दुसरा आकडा १, चालतंय. मशीनिस्ट ७२१००, दुसरा २, चालतंय. वेल्डर ७२१०६, चालतंय. पण फाउंड्री वर्कर ९४१०१, दुसरा आकडा ४, नाही चालत. उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्र्यांत आयुष्य घातलेली माणसं आहेत, मोल्डिंग बघून कास्टिंगमध्ये ब्लोहोल येणार की नाही सांगतात, आणि कॅनडाच्या यादीत ते अनस्किल्डच्या रांगेत. वाईट वाटतं पण यादी त्यांची आहे. सुपरवायझर म्हणून खरोखर काम केलं असेल तर तो वेगळा कोड, ९२०१०, तो चालतो.

आता तो सीएनसीवाला पोरगा. त्याच्या पगारस्लिपवर लिहिलंय ऑपरेटर. नुसता जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, असं काम असेल तर ९४१०६, म्हणजे चार, म्हणजे शून्य. पण हा ड्रॉइंग वाचतो, सेटिंग स्वतः करतो, ऑफसेट देतो, टूल ठरवतो, मायक्रोमीटर घेऊन तपासतो. हे मशीनिस्टचं काम. पदाचं नाव काय यापेक्षा तुम्ही रोज काय करता ते बघतात, म्हणून पत्रात ते लिहिलेलं पाहिजे. त्याला म्हटलं मालकाकडे जा आणि नवीन पत्र माग, लेटरहेडवर, त्यात कधीपासून कधीपर्यंत, पद, आठवड्याला किती तास, पगार किती, आणि रोजची कामं सात-आठ ओळींत, खाली सही, शिक्का, सही करणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर. मालक आधी म्हणतो "कशाला पाहिजे तुला, सोडून जाऊलास काय?" हे होणारच. चांगला दिवस बघून जा, खंडेनवमीच्या पूजेनंतर मालक खुशीत असतो. आणि पत्र तुम्हीच टाईप करून न्या, मालकाला वाचून सही करायला सोपं जातं, पण जे करत नाही ते लिहू नका. आणि वेबसाईटवरची कामाची यादी शब्दाला शब्द उतरवून काढू नका, बघणाऱ्याला लगेच कळतं. खोटं सापडलं तर पाच वर्षं बंदी, तुमच्यासकट पुढचा सगळा प्लॅन गेला.

दुसरी अडचण, पगार अर्धा बँकेत आणि अर्धा हातात. पीएफ नाही, फॉर्म १६ नाही. ज्यांना दोन-तीन वर्षांत जायचंय त्यांनी आजच मालकाला सांगून पूर्ण पगार बँकेत घ्यायला सुरुवात करा, इन्कमटॅक्स रिटर्न भरा, टॅक्स लागत नसला तरी. किमान लागतंय काय तर मागच्या दहा वर्षांत एका कामात सलग एक वर्ष, १५६० तास, पगारी. स्वतःचं वर्कशॉप असलेल्यांचा कॅनडाबाहेरचा अनुभव सुद्धा या ६७ वाल्या प्रोग्रामला धरतात, पण मग धंद्याची नोंदणी, बिलं, बँकेत आलेले पैसे आणि गिऱ्हाइकांची पत्रं जमवा, स्वतःच स्वतःला लिहिलेलं पत्र उपयोगाचं नाही.

शिक्षणाचं मूल्यांकन म्हणजे ईसीए. यात आपल्याला एक सुख आहे, व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या युनिव्हर्सिटीचं, हेडक्वार्टर आपल्याच गावात, ज्ञानसंगम, मच्छेकडे. अख्ख्या कर्नाटकातली पोरं ट्रान्स्क्रिप्टसाठी रात्रीची बस पकडून येतात आणि आपण डबा खाऊन टू-व्हीलरवर जातो. पण तुमची डिग्री कुणाची ते आधी बघा. बेळगावातलंच कॉलेज असलं तरी २०१० च्या आधीची बीकॉम, बीएस्सी म्हणजे कर्नाटक युनिव्हर्सिटी, धारवाडला जावं लागणार, नंतरची राणी चन्नम्मा. आणि निपाणी-खानापूरची कितीतरी पोरं कोल्हापूरला शिकलेली असतात, त्यांना शिवाजी युनिव्हर्सिटी. बीकॉम धारवाडचं आणि एमकॉम कोल्हापूरचं असेल तर दोन्हीकडची ट्रान्स्क्रिप्ट लागणार, तेव्हा दोन महिने हातात ठेवा. डिग्रीचं अंतिम सर्टिफिकेट काढून ठेवा, प्रोव्हिजनलवर अडकतं. ईसीए पाच वर्षं चालतं.

आता नाव. हे आपल्या सीमाभागाचं स्पेशल दुखणं. माझ्या एका मैत्रिणीचं नाव चार कागदांवर चार प्रकारे आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एसएसएलसीला आडनाव आधी. कॉलेजात नाव आणि मागे दोन इनिशियल. आधारला नवऱ्याचं नाव, आणि रेशनकार्डावर कन्नडमधून परत इंग्लिशमध्ये आणताना स्पेलिंगच वेगळं. "पाटील" हे आडनाव इंग्लिशमध्ये किती प्रकारे लिहिता येतं हे आपल्याशिवाय कुणाला माहीत नसेल. उपाय असा: पासपोर्ट हा बाप, बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळवायचे. आयल्ट्सचा फॉर्म, ईसीए, प्रोफाईल, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव. जे जुने कागद बदलता येत नाहीत त्यांच्यासाठी कोर्टाच्या आवारात नोटरीकडून "ही सगळी एकच व्यक्ती" असं ॲफिडेव्हिट करून घ्या. नवीन पासपोर्ट काढत असाल तर आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, पुढे फार ताप होतो. गावाचं नाव सुद्धा तसंच, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदावर एक आणि नव्यावर एक. जन्मगाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि वाटलं तर सोबत चार ओळींचं स्पष्टीकरण जोडा, अडत नाही.

नवरा-बायको दोघं जाणार असतील तर मुख्य अर्जदार कोण यावर आमच्या घरात एक आठवडा वाद झाला. सगळ्यांनी धरूनच चाललेलं की अर्ज ह्यांच्या नावाने. मी गप्प बसून दोन्ही बाजूंनी बेरीज केली. माझं एमटेक, वय ३१, सीएलबी ९, आमचे हे डिप्लोमावाले, वय ३४, सीएलबी ७. माझ्या नावाने साडेचारशेच्या वर, त्यांच्या नावाने सव्वातीनशेच्या आत. कागद टेबलावर ठेवला, सासरे रिटायर्ड मास्तर, त्यांनी परत बेरीज तपासली आणि म्हणाले बरोबर आहे. विषय संपला. तुम्ही पण दोन्ही बाजूंनी करा, मानपान नंतर.

पैसे दाखवायला लागतात, उधारीचे नाहीत. एकट्या माणसाला सुमारे पंधरा हजार कॅनेडियन डॉलर, माणसं वाढतील तसं वाढतं, आकडा दरवर्षी बदलतो. शेत, प्लॉट, सोनं यातलं काही धरत नाहीत, खात्यात किंवा एफडीत पाहिजेत आणि मागच्या सहा महिन्यांचा सरासरी बॅलन्स बँकेच्या पत्रात येतो. आपल्याकडे काय करतात, सोसायटीतून लोन काढून चार दिवसांसाठी खात्यात टाकतात, तसं अजिबात करू नका. वडिलांनी शेत विकून किंवा फंडाचे दिले तर चालतंय, पण गिफ्ट डीड करा आणि ते पैसे त्यांच्याकडे कुठून आले त्याचा पण कागद ठेवा.

इन्व्हिटेशन आलं की फक्त ६० दिवस. तेवढ्यात पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, सगळं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या पोर्टलवरून काढायचं. गल्फला राहून आलेले आपल्याकडे भरपूर, त्यांनी लक्ष द्या, मागच्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने राहिलात तिथलं पण पोलीस सर्टिफिकेट लागतंय, ते आणायला वेळ जातो, आधीच सुरू करा. मेडिकल त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडेच होतं, बेंगळुरू किंवा मुंबई गाठा, आणि ऑगस्ट २०२५ पासून ते अर्ज टाकायच्या आधीच करून ठेवावं लागतंय. फी माणशी दीड हजार डॉलरच्या थोडी वर.

ऑस्ट्रेलिया. इथे दारावरची पाटी ६५ ची आहे आणि वय ४५ च्या आत पाहिजे. २५ ते ३२ वयाला ३०, डिग्रीला १५, आयल्ट्सला प्रत्येकी ७ असेल तर १० आणि प्रत्येकी ८ असेल तर २०, बाहेरच्या अनुभवाला तीन वर्षांवर ५, पाचवर १०, आठवर १५. बिनलग्नाला १० पॉइंट मिळतात, हे ऐकून आईने भावाकडे जे बघितलं! राज्याने नॉमिनेट केलं तर ५, रिजनल भागाने केलं तर १५. पण आधी स्किल असेसमेंट, म्हणजे तिथल्या पेशाच्या संस्थेकडून शिक्षण-अनुभव तपासून घेणं, इंजिनिअरला इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, आयटीला एसीएस, आणि एसीएस अनुभवातली पहिली काही वर्षं कापून मगच मोजतं, तर आयटीवाल्यांनी आधीच तेवढी कमी धरून बेरीज करा.

भावाची बेरीज अशी होती: वयाचे ३०, डिग्री १५, इंग्लिश २०, अनुभव ५, एकटा १०, झाले ८०. इंजिनिअरिंगला ८० वर नुसतं बसून राहावं लागतंय. तेव्हा त्याला कळलं की नाटी म्हणून तिथली दुभाष्यांची संस्था आहे, तिची सीसीएल परीक्षा दिली तर ५ मिळतात, आणि त्यात मराठी पण आहे आणि कन्नड पण! दोन्ही दिल्या तरी पाचच मिळतात, पण निवडायला मिळतंय हे काय कमी आहे, आयुष्यभर दोन्ही भाषांनी आपल्याला ताणलं, एकदा तरी पॉइंट मिळाले. परीक्षा ऑनलाईन, दोन संभाषणं असतात, एक माणूस इंग्लिश बोलतो एक मराठी, प्रत्येक तुकडा ३५ शब्दांपर्यंत, ऐकायचं आणि दुसऱ्या भाषेत सांगायचं. ९० पैकी किमान ६३ लागतात. सोपं वाटतं ना? आपली मराठी इथे उघडी पडते. दवाखाना, कोर्ट, इन्शुरन्स, घरभाडं, सरकारी मदत असे विषय असतात, आणि आपण घरात बोलतो त्यात निम्मं कन्नड आणि उरलेल्यात इंग्लिश. "मुलाचा ताबा", "तारण", "हप्ता थकला", "जामीन" असे शब्द भावाला पटकन तोंडात येईनात. मग तो रोज सकाळी मराठी पेपर मोठ्याने वाचायचा आणि मी इंग्लिशमध्ये सांगायचे, आई म्हणायची दोघांना काय झालंय. पास झाला, ८५ झाले, राज्याचे ५ मिळून ९०.

जर्मनीचं चान्सेनकार्ट जून २०२४ पासून आहे, सहा पॉइंट लागतात. हा पीआर नव्हे, एक वर्ष तिथे जाऊन नोकरी शोधायची परवानगी, आठवड्याला २० तास काम करता येतं. आधी डिग्री किंवा किमान दोन वर्षांचा सरकारमान्य ट्रेडचा कोर्स, आणि भाषा जर्मन ए१ किंवा इंग्लिश बी२ पातळीची. मग वय ३५ च्या आत २, पाच वर्षांत दोन वर्षं अनुभव २, जर्मन ए२ ला १, बी१ ला २, कमतरतेच्या पेशाला १, असे जमवायचे. आयटीआयवाल्यांनो, फिटर-टर्नर-मशीनिस्ट दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा, तिथे अडेल, आणि ट्रेडचा कोर्स झेडएबीकडून, म्हणजे बाहेरचं शिक्षण तपासणाऱ्या त्यांच्या ऑफिसकडून, तपासून घ्यायला लागतो. अर्ज पत्त्याप्रमाणे, बेळगावचा पत्ता असेल तर बेंगळुरूचं कॉन्सुलेट, आणि इथून एवढ्याशा अंतरावर शिनोळीत राहत असाल तर मुंबईचं. सीमा इथे पण आलीच. मला विचाराल तर त्या सीएनसीवाल्या पोराला मी हाच रस्ता सांगितलाय, बी१ पर्यंत जर्मन कर म्हटलं, आणि तोपर्यंत पत्र नीट करून ठेव.

एजंटबद्दल थोडक्यात. कॅनडाच्या कामाचे पैसे घेणारा माणूस तिथला वकील किंवा "कॉलेज" नावाच्या तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंटांच्या संस्थेचा लायसन्सवाला पाहिजे, ऑस्ट्रेलियाचा असेल तर "मारा" या तिथल्या एजंट-नोंदणीचा नंबर पाहिजे, याद्या ऑनलाईन आहेत, नाव टाकून बघा. "जॉब ऑफर विकत देतो, पॉइंट वाढतील" म्हणणारे अजून फिरतायत, पण २५ मार्च २०२५ पासून सीआरएसमध्ये जॉब ऑफरचे पॉइंटच काढून टाकलेत, म्हणजे तो दहा-पंधरा लाख कशाचे मागतोय ते त्यालाच विचारा. आमच्या ओळखीतल्या एकाने दिले, ऑफिसला आता दुसऱ्याच दुकानाचा बोर्ड आहे. आणि पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, ईमेल तुमचा द्या, एजंटचा नको.

अर्ज टाकून झाल्यावर एक काम सगळेच विसरतात. ते लोक कधीकधी तुमच्या जुन्या कंपनीत फोन करून विचारतात, हा माणूस खरंच इथे होता काय. भावाच्या वेळी असा फोन आला तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत, उचलला नवीन लागलेल्या पोराने, आणि इंग्लिश ऐकून घाबरून म्हणाला "असं कोण नाही इथे" आणि ठेवून दिला. मग परत खुलासा, परत पत्र, तीन महिने गेले. म्हणून पत्रावर ज्याचा नंबर आहे त्याला जाऊन भेटा, तारखा आणि पद एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा, आणि फोन जो उचलतो त्या पोराला पण सांगून ठेवा, जाताना पाव किलो कुंदा घेऊन जा.